मादाम क्युरींची थोरली

मादाम क्युरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहतं. काळा साधा झगा, मागे बांधलेले केस, हातात काचेची नळी. शाळेत असताना 'थोर स्त्रिया' या विषयावर निबंध आला की आपल्या जिजाऊ, सावित्रीबाई झाल्या की परदेशातल्या म्हणून मादाम क्युरींचं नाव हमखास यायचं. मीही तो निबंध दोन-तीनदा लिहिलेला आहे. पण त्यांना मुली होत्या का, त्या मुलींचं पुढे काय झालं, हे कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. थोर बाईच्या चरित्रात तिची लेकरं साधारण शेवटच्या ओळीतच येतात, नाही का?

मला त्यांच्या थोरल्या लेकीचं नाव कळलं ते पुस्तकातून नव्हे, तर पेशंटबरोबर केलेल्या हेलपाट्यांमधून. गेली काही वर्षं आम्ही चार-पाचजणी गावातल्या बायकांना तपासणीसाठी शहरात घेऊन जातो. कुणाची थायरॉइडची गाठ, कुणाच्या छातीत गाठ, कुणाच्या हाडांचा स्कॅन. तिथे एक सुई देतात, मग तासभर बसवून ठेवतात आणि मग मशिनमध्ये झोपवतात. त्या सुईत असतं तरी काय, असं मी एकदा तिथल्या तंत्रज्ञ मुलीला विचारलं. तिने हातातलं काम सांभाळत फार छान समजावून सांगितलं आणि जाता जाता म्हणाली की ही सगळी सुरुवात मादाम क्युरींच्या मुलीपासून झाली. मी आर्ट्सची पदवीधर, विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचत गेले. त्या लेकीचं नाव आयरीन. आयरीन जोलिओ-क्युरी. आज तिच्याबद्दल सांगते.

आजोबांच्या मांडीवरची नात

आयरीनचा जन्म १२ सप्टेंबर १८९७ चा, पॅरिसचा. आई-वडील दोघंही संशोधनात बुडालेले. ती वर्षाची असताना, म्हणजे १८९८ मध्ये, आईवडिलांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. घरात लहान बाळ आणि शेडमध्ये उकळणारी भांडी, असा तो संसार. मग बाळाला कोण बघणार? आपल्याकडे जे होतं तेच तिथेही झालं. आजोबा धावून आले. पिएर क्युरींचे वडील युजीन हे डॉक्टर होते आणि बायको गेल्यावर मुलाच्या घरी राहायला आले होते. नातीला त्यांनीच वाढवलं. झाडं-पानं ओळखायला, कविता वाचायला आणि स्वतःच्या डोक्याने विचार करायला आजोबांनी शिकवलं.

१९ एप्रिल १९०६ ला पिएर क्युरी रस्त्यात घोडागाडीखाली सापडून गेले. आयरीन तेव्हा साडेआठ वर्षांची आणि धाकटी ईव्ह दीड वर्षाची. आई दुःखाने मिटून गेली. घरात वडिलांचं नावही निघेना. त्या काळात आजोबा होते म्हणून पोर सावरली. १९१० मध्ये तेही गेले.

मेरीबाईंना मुलींच्या शिक्षणाबद्दल स्वतःचं असं एक मत होतं. दिवसभर वर्गात कोंडून ठेवलेलं त्यांना पटायचं नाही. मग त्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापक मित्रांनी मिळून आपल्या मुलांसाठी एक घरगुती शाळाच काढली. भौतिकशास्त्र मेरीबाई शिकवायच्या, रसायनशास्त्र जाँ पेराँ, गणित पॉल लँजव्हँ. नुसती नावं वाचली तरी आपण चकित होतो, कारण यातले दोघं नोबेल मिळवणारे! दोनेक वर्षं ही शाळा चालली. आई परगावी असली की पत्रातून गणितं यायची आणि लेक ती सोडवून परत पाठवायची. आपल्या आया पत्रात लोणच्याचं प्रमाण लिहायच्या, या आईने समीकरणं लिहिली, एवढाच काय तो फरक.

अठराव्या वर्षी रणांगणावर

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा आयरीन सोळा वर्षांची होती. मेरीबाईंनी मोटारींमध्ये एक्स-रे यंत्रं बसवून ती आघाडीवर न्यायला सुरुवात केली होती. जखमी सैनिकाच्या अंगात गोळी किंवा छर्रा नेमका कुठे अडकलाय हे कळलं तर सर्जनला आंधळेपणाने चिरफाड करावी लागणार नाही, हा विचार त्यामागे होता. लेकीने परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि आईच्या मदतीला उभी राहिली. थोड्याच दिवसांत आईने तिला बेल्जियममधल्या एका लष्करी इस्पितळात एकटीला ठेवलं आणि स्वतः पुढच्या कामाला निघून गेली.

विचार करा, अठरा वर्षांची मुलगी. आपल्या घरातली या वयाची मुलगी रात्रीच्या एस.टी.ने एकटी येणार म्हटलं तर आपला डोळा लागत नाही. ही पोर मात्र तोफांच्या आवाजात यंत्र चालवते, बिघडलं तर दुरुस्त करते, तिच्या दुप्पट वयाच्या सर्जनला गोळी कुठे आहे ते भूमितीने काढून दाखवते. सुरुवातीला काही डॉक्टर ऐकायचे नाहीत. नंतर ऐकायला लागले, कारण गोळी तिने सांगितलेल्या जागीच सापडायची. पुढे तिने इतर मुलींनाही हे काम शिकवलं. युद्ध चालू असतानाच तिने पॅरिसच्या विद्यापीठातल्या परीक्षाही दिल्या.

एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाच्या नीटशी लक्षात आली नव्हती. एक्स-रेपासून जपायचं असतं. हातमोजे आणि पातळसे पडदे, यापलीकडे बचाव नव्हता. त्या किरणांचा हिशोब शरीर ठेवत होतं.

लॅबमधलं लग्न

युद्धानंतर आयरीन आईच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागली. १९२१ मध्ये आई आणि दोघी मुली अमेरिकेला गेल्या. तिथल्या बायकांनी वर्गणी काढून जवळजवळ एक लाख डॉलर जमवले होते आणि त्यातून मेरीबाईंना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं होतं. एक ग्रॅम! चिमूटभर वस्तूसाठी एका देशातल्या बायकांनी एवढी वर्गणी काढली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९२५ मध्ये आयरीन डॉक्टरेट झाली. साधारण त्याच वेळी लॅबमध्ये फ्रेडरिक जोलिओ नावाचा नवा सहायक आला. त्याला किरणोत्सर्गाचं काम शिकवायची जबाबदारी आयरीनवर होती. स्वभावाने दोघं दोन टोकं. तो गप्पिष्ट, हसरा, माणसांत रमणारा. ही अबोल, तोंडावर खरं बोलणारी, कपड्यालत्त्यांची फिकीर नसलेली. लॅबमधल्या लोकांना ती गर्विष्ठ वाटायची. फ्रेडरिकला मात्र त्या शांतपणाच्या आत दुसरंच काहीतरी दिसलं. तो तिच्यापेक्षा अडीच वर्षांनी लहान होता. ऑक्टोबर १९२६ मध्ये त्यांनी लग्न केलं. मालकिणीच्या मुलीशी लग्न केलं म्हणून लोकांनी नावं ठेवलीच. लोक काय, पॅरिसचे असोत नाहीतर आपल्या गल्लीतले!

लग्नानंतर दोघांनी जोलिओ-क्युरी असं जोडनाव घेतलं. पण शोधनिबंधांवर ती आयरीन क्युरी अशीच सही करायची. १९२७ मध्ये मुलगी झाली, हेलेन. त्याच सुमारास आयरीनला क्षयाने गाठलं. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं, दुसरं मूल नको म्हणाले. तिने दोन्ही मानलं नाही. १९३२ मध्ये पिएर झाला. क्षय मात्र पुढे वीसेक वर्षं तिच्या मागे लागून राहिला. मधूनमधून डोंगरातल्या सॅनेटोरियममध्ये जायचं, बरं वाटलं की परत यायचं आणि कामाला लागायचं, असा तिचा क्रम.

दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा लागलं

यशाआधीची दोन वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. १९३२ च्या सुरुवातीला नवरा-बायकोने एक प्रयोग केला. त्यात मेणातून प्रोटॉन जोरात बाहेर फेकले जात होते. त्यांनी त्याचा अर्थ एक लावला, इंग्लंडमध्ये जेम्स चॅडविकने तोच निकाल वाचून दुसरा लावला, आणि तो बरोबर निघाला. न्यूट्रॉनचा शोध चॅडविकच्या नावावर गेला. त्याच वर्षी पॉझिट्रॉन नावाचा कण अमेरिकेत कार्ल अँडरसनने ओळखला. तोही या दोघांच्या फोटोंमध्ये आधीच दिसत होता, पण ओळखला गेला नव्हता. मग ऑक्टोबर १९३३ मध्ये ब्रसेल्सला मोठमोठ्या शास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे यांनी आपले नवे निष्कर्ष मांडले, तर लिझ माइटनर या नावाजलेल्या शास्त्रज्ञ बाईंनीच त्यावर शंका घेतली. बहुतेकांनी त्यांचीच बाजू घेतली. दोघं हिरमुसून बाहेर पडली. दोन-तीन ज्येष्ठांनी तेवढा धीर दिला.

पॅरिसला परतून त्यांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. जानेवारी १९३४. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घेतला, आपल्या घरात डबा गुंडाळायला असतो तसलाच समजा, आणि त्याच्याजवळ पोलोनियम ठेवलं. पोलोनियममधून निघणारे कण पत्र्यावर आदळत होते. मग पोलोनियम बाजूला काढून घेतलं. आता पत्र्यातून काही यायला नको होतं. पण यंत्र टिकटिकतच राहिलं! काही मिनिटांनी आवाज हळूहळू कमी होत थांबला. यंत्र तर बिघडलं नाही ना, म्हणून एका तरुण जर्मन सहकाऱ्याला ते तपासायला सांगितलं. यंत्र ठणठणीत होतं.

झालं होतं असं, की साध्या ॲल्युमिनियममधल्या काही अणूंचं फॉस्फरसमध्ये रूपांतर झालं होतं. आणि हा फॉस्फरस निसर्गात कुठेच न सापडणारा, किरणं सोडणारा होता. त्याचं आयुष्य इतकं थोडं, की अडीच-तीन मिनिटांत निम्मा संपायचा. तेवढ्या वेळात तो वेगळा काढून रसायनशास्त्राने सिद्ध करायचं होतं. दोघांनी ते करून दाखवलं. बोरॉनवर हाच प्रयोग केला तर किरणोत्सर्गी नायट्रोजन मिळाला. जगात पहिल्यांदाच माणसाने किरणोत्सर्ग स्वतःच्या हाताने घडवला होता.

मेरीबाई तेव्हा खूप आजारी होत्या. लेक-जावयांनी त्यांना बोलावून घेतलं आणि नव्या पदार्थाची छोटीशी नळी हातात दिली. रेडियमने भाजलेल्या त्या बोटांनी त्यांनी ती धरली, यंत्राजवळ नेली, टिकटिक ऐकली. तेव्हाचा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद जावई आयुष्यभर विसरला नाही. त्याच वर्षी ४ जुलैला मेरीबाई गेल्या. १९३५ च्या डिसेंबरमध्ये आयरीन आणि फ्रेडरिक यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते पाहायला त्या नव्हत्या. आई आणि मुलगी दोघींनाही नोबेल मिळाल्याचं उदाहरण आजपर्यंत हे एकच.

गुराच्या गळ्यातली घंटा

आता तो एक ग्रॅम रेडियमचा आकडा आठवा. तोवर किरणोत्सर्गी वस्तू म्हणजे रानातल्या मधासारखी, निसर्गाने दिली तेवढीच. मिळायला दुर्मिळ आणि सोन्याहून महाग. आयरीन-फ्रेडरिकच्या प्रयोगाने ती लॅबमध्ये तयार करता येऊ लागली, तीही आपल्या शरीराला ओळखीच्या असलेल्या मूलद्रव्यांची. हंगेरीचे जॉर्ज हेवेशी यांनी वनस्पतींमध्ये किरणोत्सर्गी शिशाचा माग काढायची युक्ती १९२३ मध्येच शोधली होती. पण शिसं जनावराला, माणसाला कसं देणार? १९३४ नंतर मात्र हेवेशींनी किरणोत्सर्गी फॉस्फरस उंदरांना देऊन तो हाडांत कसा जातो-येतो ते पाहिलं. १९३७-३८ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी सशांना किरणोत्सर्गी आयोडीन दिलं आणि ते थायरॉइडमध्ये जाऊन बसतं हे दाखवलं.

हे मला कसं समजलं ते सांगते. आपल्याकडे गुरं रानात सोडताना गळ्यात घंटा बांधतात. गाय झाडीत दिसत नाही, पण घंटेवरून ती कुठे चरतेय ते कळतं. तसंच हे. मिठातलं आयोडीन थायरॉइड ग्रंथी ओढून घेते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच आयोडीनच्या गळ्यात किरणांची घंटा बांधली तर बाहेरच्या कॅमेऱ्याला ते कुठे जाऊन बसलं ते कळतं. कॅन्सरच्या बऱ्याचशा पेशी साखर जास्त खातात. मग साखरेसारख्या रेणूला घंटा बांधून पाठवायची, की जिथे जास्त साखर खाल्ली जातेय ती जागा चमकते. यालाच पेट स्कॅन म्हणतात. एक्स-रे घराच्या भिंती दाखवतो, हा स्कॅन त्या घरात कोणत्या खोलीत चूल धडधडतेय ते दाखवतो. रेणूंच्या पातळीवरचं चित्रण म्हणतात ते हेच.

आणि गंमत पाहा. पेट या नावातलं पहिलं अक्षर पॉझिट्रॉनचं. जो कण ओळखायचा आयरीन-फ्रेडरिककडून १९३२ मध्ये राहून गेला, तोच १९३४ मध्ये त्यांच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून बाहेर पडत होता, आणि तोच आज स्कॅनमध्ये कामाला येतो. बोरॉनपासून त्यांनी बनवलेला किरणोत्सर्गी नायट्रोजन आजही हृदयाचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी वापरतात.

हे सगळं लिहिण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी 'अणूची सुई' म्हणून स्कॅन दोन महिने पुढे ढकलला. नातवाला पुन्हा कडेवर घेता येणार नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मैत्रिणींनो, स्कॅनसाठीचं औषध मोजून, अगदी थोडं देतात. पेट स्कॅनमधलं औषध तर दोन तासांच्या आत निम्म्यावर येतं. लहान मुलांपासून किती वेळ लांब राहायचं ते तिथेच सांगतात, आणि तो प्रश्न बहुधा काही तासांचाच असतो. दिवस गेले असतील, शंका जरी असेल, किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर मात्र लाजू नका, सुईच्या आधी सांगा. भीती पोटात ठेवण्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा.

मत नाही, पण मंत्रिपद

नोबेलनंतर १९३६ मध्ये आयरीन फ्रान्सच्या सरकारात विज्ञान संशोधन खात्याची उपमंत्री झाली. त्या सरकारात तीन बायका होत्या. आणि तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्कच नव्हता! तो मिळाला १९४४ मध्ये. म्हणजे देश चालवायला बाई चालते, पण मत द्यायला चालत नाही. खुर्चीचा तिला सोस नव्हता. बायकांचं पाऊल तिथे पडावं एवढ्यासाठी ती गेली आणि काही महिन्यांत लॅबमध्ये परतली. १९३७ मध्ये ती सॉरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाली. १९३८ मध्ये पाव्हले सावित्श या सहकाऱ्याबरोबर तिने युरेनियमवर केलेल्या कामामुळे जर्मनीत ओट्टो हान यांना आपले प्रयोग पुन्हा तपासावे लागले, आणि त्यातून अणू फुटतो हे उघड झालं.

दुसऱ्या महायुद्धात फ्रेडरिक जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळीत होता. जून १९४४ मध्ये क्षयाने खंगलेली आयरीन दोन्ही मुलांना घेऊन डोंगरातून सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला पोचली. युद्धानंतर ती रेडियम इन्स्टिट्यूटची संचालक झाली आणि फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगावरही गेली. पण नवऱ्याची आणि तिची मतं डावीकडची. १९४८ मध्ये स्पॅनिश निर्वासितांसाठी मदत गोळा करायला ती अमेरिकेला गेली, तर न्यूयॉर्कला उतरताच तिला एक रात्र अडकवून ठेवलं. सत्तावीस वर्षांपूर्वी याच देशातल्या बायकांनी तिच्या आईला डोक्यावर घेतलं होतं.

आपल्या देशातही ती आली होती. जानेवारी १९५० मध्ये कोलकात्याचं चित्तरंजन कॅन्सर हॉस्पिटल आणि मेघनाद साहांची अणुभौतिकी संस्था, या दोन्हींचं उद्घाटन तिच्या हस्ते झालं. आपल्या मुंबईजवळ तुर्भ्याला 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली ती ऑगस्ट १९५६ मध्ये. पुढे तुर्भ्यातच दवाखान्यांसाठीचे किरणोत्सर्गी पदार्थ बनू लागले. देशातलं पहिलं पेट स्कॅनचं यंत्र मुंबईतच २००२ मध्ये आलं. हे पाहायला ती नव्हती.

कारण १७ मार्च १९५६ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, रक्ताच्या कॅन्सरने ती पॅरिसमध्ये गेली. रणांगणावरचे ते एक्स-रे, आयुष्यभर हाताळलेलं पोलोनियम आणि १९४६ मध्ये लॅबमध्येच फुटलेली पोलोनियमची एक कुपी, सगळ्याचा हिशोब झाला होता. तिने ज्या किरणांना माणसाच्या कामाला लावलं, त्यांनीच तिला नेलं. तिच्यासारख्यांच्या मरणातूनच पुढे किती मात्रा चालते, किती नाही, ते जगाला कळलं. आज स्कॅन करणारी मुलगी शिशाच्या पडद्याआड उभी राहते आणि तिच्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असतो, तो त्यामुळेच. फ्रेडरिकही दोन वर्षांनी गेला. मुलगी हेलेन अणुशास्त्रज्ञ झाली, मुलगा पिएर जीवशास्त्रातला संशोधक.

एक गोष्ट राहिली. ज्या फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे तिचा तो शोध मांडला गेला, तिने फ्रेडरिकला १९४३ मध्येच सभासद करून घेतलं. शोध दोघांचा, नोबेल दोघांचं, पण आयरीनला मात्र अकादमीने बाई म्हणून दार उघडलं नाही. तिच्या आईलाही १९११ मध्ये नाकारलं होतं. आयरीनने एकदा नकार आल्यावर गप्प बसायचं नाही असं ठरवलं. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार, पुन्हा अर्ज. आपल्याला घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण दर वेळी त्यांना तोंडाने नाही म्हणावं लागावं आणि ते जगाने पाहावं, एवढाच तिचा हट्ट होता. त्या अकादमीत पहिली पूर्ण सभासद बाई गेली ती १९७९ मध्ये, आयरीन गेल्यावर तेवीस वर्षांनी. दार तिच्यासाठी उघडलं नाही, पण ठोठावणं तिने थांबवलं नव्हतं. ग्रामपंचायतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, नाहीतर घरातच आपलं म्हणणं पहिल्या फटक्यात कुणी ऐकलं नाही, तर आपण किती लवकर पदर सावरून मागे फिरतो, याचा विचार आपण सगळ्याजणींनी करायला हवा.